पंख्याच्या तारेने बांधलेली माशी

म्हापशात माझं पंखे आणि पंप रिवाइंड करायचं दुकान आहे. मासेमारीची बंदी उठली की मार्चमध्ये आठ दिवस हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरायला जातो, पण त्याच्या माश्या, म्हणजे गरीवर पीस-धागा बांधून केलेलं खोट्या किड्याचं आमिष, इथेच बांधतो, पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसलं की. गोव्यात ट्राउट नाही. त्याला थंड पाणी लागतं, वीस अंशांच्या आतलं. मात्र माशीचं निम्मं सामान माझ्या टेबलावरच पडलेलं असतं.

नवख्याने वुली बगर नावाच्या माशीपासून सुरुवात करावी. पेन्सिल्वेनियाच्या रसेल ब्लेसिंगने १९६७ च्या सुमारास ती बांधली. पाण्यात ती जळू वाटते, अळी वाटते, छोटा मासाही वाटते. हात थोडा वाकडा पडला तरी खपून जातं.

लांब दांडीची ८ नंबरची गरी घ्या, तिच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबा आणि छोट्या व्हाईसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पक्की बसवा. काळा धागा गरीच्या डोळ्यामागून, म्हणजे दोरा ओवायच्या भोकामागून, तिच्या वाकापर्यंत गुंडाळा. मधल्या भागात सोल्डरच्या तारेचे आठ वळसे द्या, म्हणजे माशी बुडेल. वाकाशी मराबूची (मऊ, भुरभुरीत पिसांची) शेपटी, दांडीइतकीच लांब. मराबू ओला करून बांधा, नाहीतर नाकात जातो. हा मात्र विकतच आणावा लागतो.

तिथेच ३६ नंबरची तांब्याची तार आणि शेनील (मखमली, केसाळ दोरी) बांधा. शेनील पुढे गुंडाळत आणा आणि डोळ्याच्या तीन मिलिमीटर अलीकडे थांबा. तिथे जागा राहिली पाहिजे.

आता पीस. शुक्रवारच्या बाजारातल्या गावठी कोंबड्याच्या पाठीचं, शेपटीजवळचं लांब पीस सगळ्यात बरं. साबणाने धुऊन, वाळवून, डांबरगोळीबरोबर डब्यात ठेवतो. मी कोंबडा आणला की आई विचारते, "रांदपाचो काय बांदपाचो?" म्हणजे शिजवायचा की बांधायचा? बुडाचा कापूस काढून पीस जाड टोकाने पुढे बांधा आणि पाच वळशांत मागे न्या. शेंडा तारेखाली दाबा आणि तार पुढे आणा.

इथे बहुतेकजण चुकतात. तार उलटी फिरवायची असं त्यांनी ऐकलेलं असतं. पीस मागे गेलंय, तार पुढे येतेय. हात त्याच दिशेने फिरवलात तर ती पिसाचा प्रत्येक वळसा ओलांडून त्याला दाबते. उलटी फिरवलीत तर दोन्ही शेजारी-शेजारी पडतात, आणि ट्राउटचे दात लागले की पीस सुटतं. वाइंडिंगवाल्याला हे सांगावं लागत नाही. तार ओढताना डावी-उजवी हलवा, म्हणजे पिसाचे केस चिरडत नाहीत.

तार बांधून पिळून तोडा, कात्रीची धार घालवू नका. डोकं लहान ठेवा. गाठीसाठी रिकाम्या बॉलपेनचं टोक पुरतं: त्यावर धाग्याचा फास घ्यायचा, टोक डोळ्यावर टेकवायचं आणि फास दांडीवर सरकवायचा. असे चार फास. वर हवेत सुकणाऱ्या वार्निशचा एक थेंब, टाचणीने.

पहिल्या वर्षी मी थेंब ब्रशने लावला होता. नदीकाठी, बोटं बधिर झालेली, आणि दहाच्या दहा माश्यांचे डोळे बुजलेले. दोरा आत जाईना. आता वार्निश ओलं असतानाच प्रत्येक डोळ्यातून ३६ नंबरच्या तारेचा तुकडा ओढून बघतो.