बाटलीचं रॉकेट सरळ कसं उडवायचं

पहिलं रॉकेट करणाऱ्या प्रत्येकाला ते किती उंच जाईल याचीच पडलेली असते, पण खरा घोळ उंचीचा नसतोच, सरळ जाण्याचा असतो. म्हणून पाण्याचं रॉकेट (बाटलीत थोडं पाणी आणि पंपाने दाबून भरलेली हवा, ती पाणी मागे फेकते आणि बाटली वर जाते) करताना निम्मा वेळ नुसत्या तोलावर घालवा, माझं ऐका.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, ती गॅसच्या प्रेशरसाठीच बनवलेली असते, साध्या पाण्याची पातळ बाटली फुटू शकते. चरे पडलेली नको. उडताना बाटलीचं तोंड खाली असतं त्यामुळे जाड प्लास्टिक शीटचे तीन-चार फिन, म्हणजे छोटे पंख, तोंडाकडे, आणि बुडावर नाक, त्यात थोडी क्ले. सगळं टेपनेच चिकटवा, ग्लू गनच्या उष्णतेने बाटली कमजोर होते.

आता मेन टेस्ट. रिकामं रॉकेट बोटावर आडवं तोलून बघा, जिथे तोललं जाईल तिथे दोरा पक्का बांधा आणि डोक्यावरून गोफणीसारखं गरगर फिरवा. नाक पुढे धरून फिरलं तर पास, गटांगळ्या खाल्ल्या किंवा शेपूट पुढे आलं तर नाकात वजन वाढवा नाहीतर फिन मोठे करा. साधं लॉजिक आहे, बाणासारखं, जड टोक पुढे आणि पिसं मागे. वजनाचा मध्य (जिथे दोरा बांधला ती जागा) हा हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा (बाजूने येणाऱ्या हवेचा जोर सरासरी जिथे लागतो ती जागा) किमान बाटलीच्या जाडीइतका पुढे हवा.

आणि चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्डने 16 मार्च 1926 ला द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं तेव्हा त्यानेही इंजिन वरच्या टोकाला लावलं होतं, वरून ओढलं की खालचं सगळं लोलकासारखं सरळ लोंबकळेल असा हिशोब. पण रॉकेट कललं की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलतो ना, मग सरळ करणार कोण! अडीच सेकंद, 41 फूट उंची, संपलं. पुढे त्याने इंजिन खालीच आणलं.

पाणी साधारण एक तृतीयांश. कमी भरलं तर मागे फेकायला वजन उरत नाही, जास्त भरलं तर हवेला जागा उरत नाही. फुटबॉलची सुई बुचातून आरपार घालून लांब पाइपने गेजवाल्या पंपाला जोडा. बूच ठोकून बसवू नका. गेजवर 50 पीएसआय (प्रेशरचं माप) झालं तरी सुटलं नाही तर पंप थांबवा आणि पंपाकडचं टोक काढून प्रेशर जाऊ द्या, वाकून बघायला तर मुळीच जाऊ नका, गॉगल असला तरी.

सुटताना पाणी खाली असल्याने तोल मागे गेलेला असतो, तेव्हा पहिल्या हातभर अंतरासाठी बाजूला उभ्या काठ्यांचा आधार द्या. आणि वारा असेल तर राहू द्या, मोठ्या फिनचं रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवून तिकडेच पळतं.