ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी गावाचा शिक्षण निधी कसा उभारावा

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह सुरू केले, जिथे सर्व जातींची मुले एकाच पंगतीत जेवत. संस्थेच्या वसतिगृहांसाठी घरोघरी ‘मुष्टिफंड’ गोळा होई, म्हणजे घरातील बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी. श्रीमंताने द्यावे आणि गरिबाने घ्यावे ही विभागणी त्या मुठीने मोडली, कारण ज्यांची मुले वसतिगृहात शिकत, ती घरेही देणारी झाली. बीडसारख्या जिल्ह्यातील ज्या गावांतून दसऱ्यानंतर निम्मी वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जाते, तेथे शिक्षण निधी उभारताना हाच पाया धरावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात वर्गणीने करू नये. आधी ज्यांच्यासाठी निधी उभारायचा, त्यांच्या घरी जाऊन बसावे. एका वस्तीवर मी एका मुलीच्या घरी गेलो, तेव्हा कोनाड्यात वेगवेगळ्या वाटपांत मिळालेल्या कोऱ्या वह्यांची चळत तशीच पडून होती आणि मुलगी मात्र दिवाळीपासून शाळेत गेली नव्हती, कारण आईवडील तोडीला गेल्यावर आजीला दिसेनासे झाले होते आणि धाकट्या भावाला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. त्या घराला वह्यांची नव्हे, दिवसभर त्या मुलाकडे पाहणाऱ्या शेजारणीची आणि तिला द्यायच्या मोबदल्याची गरज होती. ही गोष्ट आजीनेच सांगितली, पण तोवर तिला कोणी विचारलेच नव्हते.

त्यानंतर सरकारकडून काय मिळू शकते, याची माहिती काढावी. स्थलांतरित कुटुंबांच्या मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आहे आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकांमधून असावेत, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात नमूद आहे. जे हक्काने मिळते ते वर्गणीतून करू नये. उलट त्यासाठी अर्ज भरून देणे आणि पाठपुरावा करणे हे निधीचे पहिले काम समजावे. वर्गणीचे पैसे मधल्या खिंडारांसाठी राखावेत: अनुदान हाती पडेपर्यंतचा किराणा, मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे वेतन, आजारपणातील औषधे, संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचा दिवा.

समितीची रचना ही सर्वांत नाजूक बाब आहे. सरपंच, गुरुजी आणि दोन मोठे बागायतदार एवढ्यांचीच समिती झाली, तर मागणाऱ्याला पुन्हा त्यांच्याच दारात उभे राहावे लागते. म्हणून निम्म्याहून अधिक जागा तोडीला जाणाऱ्या घरांना द्याव्यात, आणि ती माणसे हंगामात गावात नसतात हे लक्षात घेऊन खर्चाचे निर्णय दसऱ्यापूर्वी, मुकादमाची उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडची आगाऊ रक्कम, घेऊन मजुरांच्या टोळ्या गाड्यांत बसण्याआधीच करावेत. मागे राहणाऱ्या आजी-आजोबांपैकी दोघांना समितीत घ्यावे, कारण हंगामात मुलांचे खरे पालक तेच असतात. बैठक चावडीवर न भरवता वस्तीवर भरवावी. बायका तेथे अधिक मोकळेपणाने बोलतात.

वर्गणी लहान आणि नियमित असावी. दरमहा वीस रुपये किंवा पायलीभर ज्वारी हे दोन्ही सारख्याच मानाने वहीत लिहावे. एकाच घराकडून एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घेऊ नये, अन्यथा त्या घराचा शब्द शेवटचा ठरू लागतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांनी पैसे जरूर पाठवावेत, परंतु कोणत्या मुलाला काय द्यायचे याचा निर्णय गावावरच सोडावा. देणगीदाराच्या नावाची पाटी लावू नये आणि वस्तू हातात धरलेल्या मुलांची छायाचित्रे काढू नयेत, कारण त्याच मुलांना दुसऱ्या दिवशी वर्गात इतरांशेजारी मान वर करून बसायचे असते.

कायदेशीर बाजू वेळीच सांभाळावी. सार्वजनिक वर्गणी सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जाऊन रीतसर परवानगी घ्यावी. काम वाढल्यास किमान सात सदस्यांची संस्था नोंदवता येते. आयकर कायद्याखाली देणगीदारांना सवलत मिळावी असे वाटत असल्यास त्यासाठी संस्थेची वेगळी मान्यता लागते, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. बँकेचे खाते दोन सह्यांचे असावे, त्यांपैकी एक सही तोडीला जाणाऱ्या घरातील बाईची असावी, आणि तिला पासबुक वाचता येत नसेल तर ते शिकवण्याचा खर्चही निधीतूनच करावा.

हिशेब दर महिन्याला शाळेच्या फळ्यावर लिहावा. टोळ्या गावी परतल्यावर ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्याच सभेत हंगामात शाळा सुटलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी समितीतील कोण, कोणत्या दिवशी जाणार हे ठरवून वहीत लिहून घ्यावे.