गुटीपासून बोन्साय करताना मुळं आणि पानं यांचा हिशोब

सोलापूर जिल्ह्यात गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवून मग ती कापून वेगळी करणं, कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही, डाळिंबाची रोपं वर्षानुवर्षं गुटीनंच होत आली आहेत. बोन्सायलाही हीच पद्धत सोयीची. अंगठ्याएवढी जाड, छान वळलेली फांदी एका पावसाळ्यात स्वतंत्र झाड होते. एरवी काडी लावून तेवढं खोड व्हायला वर्षं जातात. अडचण येते ती गुटी उतरवल्यावर, कारण तेव्हा मुळं मूठभर आणि पानं फांदीभर असतात.

गुटी बांधणे

जूनचा पाऊस लागला की सुरुवात करा. डाळिंब, वड, उंबर, बोगनवेल यांपैकी काहीही चालेल. फांदीच्या जाडीच्या साधारण दीडपट रुंदीची साल गोलाकार काढा आणि खालचा हिरवट, बुळबुळीत थर सुरीनं खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते, मुळं येतच नाहीत. वड-उंबराचा चीक ओल्या फडक्यानं पुसून तो थांबेपर्यंत थांबा. वरच्या कडेला रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) लावा. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) भोवती दाबून वर प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीनं आवळा.

आता पानांना हात लावू नका. साल काढली तरी पाणी आतल्या लाकडातून वर जातच असतं, त्यामुळे फांदी सुकत नाही. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली येताना त्या कडेवर अडतं, आणि मुळं फुटतात ती त्याच जोरावर. म्हणजे या टप्प्यात जास्त पानं म्हणजे जास्त मुळं. फुलं-कळ्या मात्र खुडा. नुसती काडी खोचून छाट कलम करणार असाल तर हिशोब उलटा: तिला मुळंच नाहीत, म्हणून शेंड्याची दोन-तीन पानंच ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापून.

उतरवणे

प्लॅस्टिकमधून पहिलं पांढरं मूळ दिसलं की हात शिवशिवतात. थांबा. मुळं तपकिरी होऊन त्यांना बारीक फाटे फुटले पाहिजेत. मग गुटीच्या खाली सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) कापा. मॉस सोडवायला जाऊ नका, कोवळी मुळं त्यासकट तुटतात. लागलीच उथळ बोन्साय ट्रेमध्येही नको. साधी कुंडी घ्या. काळी माती टाळा, ती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. जाडसर वाळू, विटेचा चुरा आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरे. खोड हललं की नवी मुळं तुटतात, म्हणून ते काठीला बांधा.

पानं किती ठेवायची?

मुळांचा गोळा फांदीच्या मानाने लहान असेल तर निम्मी पानं काढा, भरगच्च असेल तर तिसरा हिस्सा. वडाचं पान मोठं, ते आडवं अर्धं कापता येतं. डाळिंबाची पानं एवढीशी, ती कापत बसण्यात अर्थ नाही. आत दाटलेल्या काड्याच काढा. एकही पान न ठेवण्याचा सल्ला मला पटत नाही, मग मुळांना पोसणार कोण?

कुंडी शेडनेटखाली, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. गच्चीवर उन्हापेक्षा कोरडा वारा लवकर मारतो. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आलं त्या दिवशी कुंडी तुंबवून भरण्याची सवय मात्र सोडा, ड्रममध्ये साठवून थोडं थोडं घाला.

पुढचे काही आठवडे सकाळी पानं बघत जा. दुपारी लोंबली आणि सकाळी ताठ झाली तर ठीक. सकाळीही लोंबलेली आणि माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही लोंबत असतील तर मुळं कुजत असावीत. पाणी थांबवा, सावली वाढवा, आणखी थोडी पानं कमी करा. डाळिंबानं सगळी पानं टाकली तरी लगेच उपटू नका. नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जीव आहे.

मुळांची छाटणी

पहिला उन्हाळा काढू द्या. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात मुळांना कात्री लावणं म्हणजे झाड घालवणं. पुढच्या पावसाळ्यात, कुंडी मुळांनी भरली असेल तरच ट्रेमध्ये हलवा. सरळ खाली जाणारी जाड मुळं कापा, आडवी पसरलेली आणि केसांसारखी बारीक मुळं राखा, कारण पाणी मुख्यतः तीच ओढतात. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुळं कापू नका, आणि जेवढी काढाल तेवढाच वरचा भार त्याच दिवशी उतरवा.