चेक इंजिन लाइट लागला की लगेच सेन्सर बदलू नका, या चुका टाळा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मानेवाड्याहून वर्धा रोडला निघालो आणि अर्ध्या रस्त्यात पिवळा चेक इंजिन लाइट लागला. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, कोड निघाला पी०११३, म्हणाला आत येणाऱ्या हवेच्या टेम्परेचरचा सेन्सर गेला, बदलून टाकू. बदलला, पैसे दिले, दोन दिवसांनी लाइट परत हजर. मग मीच स्टिअरिंगखालच्या सोळा पिनच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर लावला आणि लाइव्ह डेटा उघडला, तर बाहेर ऊन मी म्हणतंय आणि गाडी सांगते हवा उणे ४० डिग्री. नागपुरात, मे महिन्यात!

इथंच सगळे फसतात. कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नाही. पी०११३ एवढंच सांगतो की त्या सर्किटचा सिग्नल व्होल्टेज जास्त येतोय. या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत वाढतो, त्यामुळे वायर तुटली किंवा कपलर (वायर जोडणारा प्लग) निघाला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, वाटतं भयंकर थंडी पडली. सेन्सर दोन पिनचाच असेल तर कपलर काढा, गाडीकडून येणाऱ्या कपलरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्यानं जोडा आणि रीडिंग बघा. उणे ४० वरून एकदम शंभराच्या वर उडी मारली तर वायरिंग ठीक, सेन्सर बघा. हललंच नाही तर वायर, कपलर नाहीतर अर्थिंग. चार पिनचा असेल तर हा प्रयोग करू नका, आधी वायरिंग डायग्राम शोधा.

दुसरी चूक, बॅटरी न तपासणं. आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या लवकर बसतात आणि व्होल्टेज पडलं की एबीएस, स्टिअरिंग, गिअर सगळीकडून एकदम कोड येतात, माणूस घाबरून जातो. एकदम पाच-सहा कोड दिसले, त्यात यू ने सुरू होणारे (गाडीतल्या कंप्युटरांचा आपसातला संपर्क तुटल्याचे) असले, तर आधी मल्टिमीटर काढा. फुल चार्ज बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली जायला नको, गाडी चालू असताना १३.५ ते १४.७.

अर्थिंगचं तर कोणी बघतच नाही राजेहो. आणि बघितलं तरी ओहमवर बघतात, ज्यात वायरचा एकच तार शिल्लक असला तरी मीटर शून्य दाखवतो. गाडी चालू ठेवा, हेडलाइट आणि एसी लावा, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थची पट्टी खोला, घासा, घट्ट करा. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्यांनी तर कपलर उघडून हिरवा गंज बघाच, तो आतल्या आत पसरत जातो.

कोड लगेच उडवू नका. कोड आला त्या क्षणाचा आरपीएम, टेम्परेचर, स्पीड ईसीयूमध्ये फ्रीझ फ्रेम म्हणून साठलेला असतो, कोड क्लिअर केला की तोही जातो, बॅटरीचं टर्मिनल काढलं तरी बऱ्याच गाड्यांत जातो. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि फ्यूज उडतोय म्हणून १० अँपिअरच्या जागी २० चा टाकणं, हे मला बघवत नाही, कारण मग फ्यूजऐवजी वायर तापते आणि इंजिनखोलीत आग लागायला तेवढं पुरतं.

माझ्या गाडीत शेवटी एअर फिल्टरच्या डब्यामागं सापडलं, उंदरानं वायर खालच्या बाजूनं कुरतडली होती, वरून बघितलं तर शाबूत. सोल्डर केली, हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवला, कोड उडवला, रीडिंग लगेच ४८ वर. मग जुना सेन्सर परत लावून बघितला, तोही ४८ च दाखवत होता.