वर-खाली नळ्यांची जुनी रायफल कशी पारखावी

जुनी दुनळी रायफल समोर आली की माणसं आधी नक्षी बघतात. सांबर, रानडुक्कर, ओकची पानं, सोन्याचा मुलामा. माझं सांगणं उलट आहे : नक्षी सगळ्यात शेवटी बघा. मी सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून फिटर म्हणून निवृत्त झालो. कानस, स्क्रेपर आणि ब्लू मॅचिंग (निळा रंग लावून दोन भाग कुठे टेकतात ते बघणं) यांतच नोकरी गेली, त्यामुळे रायफल हातात आली की माझा डोळा आधी सांध्यावर, म्हणजे उघडणाऱ्या नळ्या मागच्या भागाला मिळतात तिथे, जातो. नाशिकमध्ये आणि आसपास आजोबांच्या परवान्यावरची अशी एखादी रायफल अजून काही घरांत आहे, आणि नातवंडं विचारतात, ही नुसती जुनी आहे की खरंच चांगली? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायद्याचं. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय अशी रायफल घरात ठेवणं गुन्हा आहे. परवानाधारक वारला असेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारसाने अर्ज करायचा. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. दुसऱ्याची रायफल बघत असाल तर परवानाधारक समोर असल्याशिवाय हात लावू नका. हातात आल्याबरोबर नळ्या माणसांपासून दूर करा, रायफल उघडा आणि दोन्ही चेंबर, म्हणजे नळ्यांतल्या काडतूस बसायच्या जागा, रिकामे आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. देणाऱ्याने बघितलं असलं तरी तुम्ही बघा.

आता मूळ रचना. इंग्रजांची दुनळी रायफल बहुतेक शेजारी-शेजारी नळ्यांची असते. एकावर एक नळ्या, म्हणजे ओव्हर-अंडर, हा प्रकार रायफलींमध्ये जास्त बनवला तो जर्मनीतल्या सूल आणि ऑस्ट्रियातल्या फेरलाख या बंदूककारांच्या गावांनी. लंडनच्या बंदूककारांपैकी बॉसने १९०९मध्ये आणि वुडवर्डने १९१३मध्ये आपापल्या ओव्हर-अंडरचं पेटंट घेतलं, पण ती मुख्यतः छऱ्याच्या बंदुकीसाठी. ब्राउनिंगची सुपरपोज्ड ही ओव्हर-अंडर बंदूकही मुळात छऱ्याचीच; जॉन ब्राउनिंग १९२६मध्ये बेल्जियममध्ये वारले आणि काम मुलाने पुढे नेलं. रायफल बांधायची म्हणजे याच रचनांना कितीतरी जास्त दाब सोसायला लावायचा. म्हणून सांधा महत्त्वाचा.

एकावर एक नळ्या ठेवल्या की नेम धरताना डोळ्यापुढे एकच अरुंद नळी येते, हा मोठा फायदा. तोटा असा की खालच्या नळीत काडतूस घालायला रायफल बरीच जास्त उघडावी लागते, आणि नळ्यांच्या खाली कडी-बोल्ट बसवला तर मधली पेटी, म्हणजे नळ्या आणि दस्ता यांच्यामधला पोलादी भाग, उंच आणि बोजड होते. बॉस आणि वुडवर्डने बिजागरीचे खुंट नळ्यांच्या दोन्ही बाजूंना घेतले, त्यामुळे त्यांची पेटी बुटकी राहिली. ब्राउनिंगची बिजागरी खाली आहे, म्हणून पेटी खोल. बाजूने बघितलं की हा फरक लगेच कळतो, आणि रायफल कुठल्या घराण्यातली आहे याचा अंदाज येतो.

सूलच्या मर्केल घराण्याच्या रायफलीत आणखी एक खूण दिसते, तिला केर्स्टन लॉक म्हणतात. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना मागे दोन कान निघतात. रायफल बंद केली की ते समोरच्या पोलादी भिंतीतल्या खाचांत जातात आणि आडवा बोल्ट दोघांच्या भोकांतून आरपार जातो. गंगापूर रोडवरच्या एका वकिलांच्या घरी मी अशी रायफल उघडून भिंग लावून तपासली होती. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच. दोन्ही कानांतल्या भोकांच्या कडांवर धातू चमकतो, कारण तिथेच भार येतो. ती चमक दोन्हीकडे सारखी रुंद असेल, तर ज्याने तो सांधा बसवला त्याने दोन्ही कान एकाच वेळी टेकेपर्यंत घासले आहेत. एकाच कानावर चमक आणि दुसरा काळाच, तर दुसरा कान नुसता शोभेला आहे. सगळा दाब एकाच बाजूला जातो. त्या रायफलीत दोन्ही चमका जवळजवळ सारख्या होत्या. आम्ही टूलरूममध्ये ब्लू लावून हेच करतो : जिथे निळं लागतं तिथेच घासायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा घासायचं. बंदूककार त्यासाठी दिव्याची काजळी वापरतात. पद्धत तीच. त्या सांध्यात मशीनचं काम थोडं आणि माणसाच्या हाताचं जास्त आहे.

सांधा ढिला झालाय का, हे बघायचं असेल तर पुढचं लाकूड उतरवा, रायफल बंद करा, एका हातात नळ्या आणि दुसऱ्यात दस्ता धरून आडवं हलवून बघा. किंचितही खडखड जाणवली तर बिजागरी झिजली आहे. मग नळ्यांचा मागचा चेहरा आणि समोरची भिंत यांच्यामध्ये फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्याचं) सगळ्यात पातळ पातं घालून बघा. ते आत शिरलं तर ही रायफल वापरण्याजोगी नाही. पुढचं लाकूड बसवून हीच परीक्षा घेऊ नका, त्याच्या स्प्रिंगमुळे ढिलाई झाकली जाते.

आता नळ्या. दोन नळ्या समांतर असतात असं सगळ्यांना वाटतं, पण त्या तशा नसतात. बार उडतो तेव्हा गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल मागे आणि वर सरकायला लागते. वरची नळी खांद्यापासून उंच असते, म्हणून तिचं तोंड जास्त उचललं जातं. खालची त्या मानाने सरळ मागे येते. हा फरक गृहीत धरून नळ्या एकमेकींकडे किंचित कललेल्या जोडतात, म्हणजे दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर एकाच जागी बसतात. गणिताने हे अंदाजे जुळतं, पूर्ण जुळत नाही. मग कारागीर रायफल घेऊन चांदमारीवर जातो. दोन गोळ्या झाडतो, नळ्यांच्या तोंडाशी बसवलेल्या पाचरीचा डाख गरम करतो, पाचर केसभर सरकवतो, थंड करतो, पुन्हा झाडतो. जुळेपर्यंत हेच. याला रेग्युलेशन म्हणतात आणि दुनळी रायफलीच्या किमतीचा मोठा भाग इथे असतो.

हे कळलं की पुढच्या दोन गोष्टी आपोआप कळतात. पहिली, ही जुळणी एकाच गोळीच्या आणि एकाच दारूच्या मापाला असते. माप बदललं की गोळ्या वेगवेगळ्या जागी जातात. म्हणूनच जुन्या काळी हिंदुस्थानसाठी कॉर्डाइटचं, म्हणजे त्या काळच्या धूरविरहित दारूचं, माप कमी केलेली काडतुसं वेगळी बनत, कारण उन्हाळ्यात कॉर्डाइटचा दाब वाढतो. दुसरी, नळ्या, मधली पट्टी आणि पाचर हे सगळं मऊ डाखाने, कथील-शिशाने, जोडलेलं असतं. कोणी हौसेने नळ्या गरम क्षाराच्या टाकीत बुडवून काळ्या करून आणल्या, तर तो क्षार डाख खातो आणि पट्टीखाली अडकून आतून गंज धरतो. वरून रायफल नवी दिसते, आतून गेलेली असते. जुनं फिकं झालेलं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर, राहू द्या. मला तर ते फिकेपण जास्त आवडतं, हाताळणी कुठे झाली ते त्यावर दिसतं.

डाख शाबूत आहे का, हे कानाने कळतं. नळ्या वेगळ्या करून खालच्या कडीत दोरीने टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. भांडी बाजारात तांब्याचा हंडा घेताना आपण टिचकी मारतो, तसंच : लांब, स्वच्छ, ठणठणीत नाद आला तर पट्टी घट्ट आहे. भद्द आवाज आला किंवा मध्येच कुरकूर आली, तर कुठेतरी डाख सुटलाय. पट्टीच्या कडेने तेलाची किंवा तांबूस गंजाची रेघ दिसली तर शंका पक्की धरा. असं काम गावातल्या वेल्डरकडे देऊ नका. डाख पुन्हा लावला की रेग्युलेशन पहिल्यापासून.

मग नळ्यांच्या खालचे शिक्के. जर्मनीत १८९१च्या कायद्यानंतर हे शिक्के आले. मुकुटाखाली यू म्हणजे तपासणी झाली, मुकुटाखाली जी म्हणजे नळी आतून आट्यांची, म्हणजे रायफलची, मुकुटाखाली एन म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी दिलेली. त्यांच्याजवळ छोटे आकडे असतात, उदाहरणार्थ ६ ३७. म्हणजे जून १९३७. रायफल कधीची हे ठरवायला घरातल्या आठवणींपेक्षा हे आकडे बरे. बेल्जियमच्या लिएझचा शिक्का लंबगोलातला ई-एल-जी, बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३चं, लंडनचं त्याहून कितीतरी जुनं. सूल आणि फेरलाखच्या रायफलीवर ९.३ x ७४ आर असं माप बऱ्याचदा दिसतं : ९.३ मिलिमीटरची गोळी, ७४ मिलिमीटरचं कवच, आणि आर म्हणजे मागे कड असलेलं काडतूस. कड असलेली बरी, कारण उघडल्यावर कवच मागे ओढणाऱ्या पट्टीला तीच धरायला मिळते. इंग्रजी रायफलीवर .४७० किंवा .४६५ (इंचातलं माप) असेल तर त्यात आपल्याकडचा इतिहास आहे. १९०७मध्ये सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर, म्हणजे नळीच्या त्या मापावर, बंदी घातली, बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना ती काडतुसं लागू पडतील या भीतीने, आणि इंग्रज कारखानदारांना नवी मापं काढावी लागली.

दोन चाप असतील तर पुढचा बहुतेक खालच्या नळीचा. जर्मन रायफलीत पुढचा चाप पुढे ढकलून हलका करण्याची सोय असते, तो उगाच खेळवू नका. स्क्रूंच्या खाचा मात्र नीट बघा. चांगल्या कामात सगळ्या खाचा नळीच्या रेषेत थांबतात आणि त्यांच्या कडा अजून तीक्ष्ण असतात. खाच फाटलेली दिसली की समजा, कोणीतरी बाजारचा पेचकस चालवलाय. एक फाटकी खाच दिसली की आतले स्प्रिंगही तपासून घ्यायला हवेत.

दस्ता अक्रोडाचा. मनगटाशी, म्हणजे आपण मूठ धरतो तिथे, लाकडाचे तंतू सरळ पुढून मागे गेले पाहिजेत. सुंदर लाटा असल्या तर त्या मागे, गालाजवळ. सुंदर लाकूड मनगटावर घेतलेलं असेल तर तो दस्ता धक्क्याने तिथेच चिरतो. पोलाद आणि लाकूड मिळतात ती रेघ बोटाने चाचपा : लाकूड किंचित वर असावं, कारण पुढे घासायला जागा ठेवलेली असते. लाकूड पोलादाच्या खाली गेलेलं असेल तर कोणीतरी पॉलिश पेपरने दस्ता नवा केलाय, आणि त्याबरोबर मुठीवर पकडीसाठी कोरलेल्या चौकटीच्या रेघाही बोथट झाल्यात.

आता नक्षी. सूलची जनावरं खोल कोरलेली असतात, इंग्रजी कामात बारीक वेलबुट्टी. भिंगातून डोळा आणि खूर बघा. हाताच्या कामात छिन्नी आत शिरते तिथे रेघ बारीक, मध्ये रुंद, पुन्हा बारीक. सगळीकडे एकाच जाडीची रेघ आली तर ते रोलरचं किंवा यंत्राचं काम.

रायफल आपल्या घरातलीच असेल तर नाशिकच्या पावसाळ्यासाठी एवढं करा. चामड्याच्या पेटीत ती ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातल्या टॅनिनने पोलादावर डाग पडतात. पेटी वेगळी जपा, तिच्यावरचं लेबल मोलाचं असतं. रायफल कुलूपबंद कपाटात, नळ्यांचं तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. तेल पातळ, फडक्याने पुसल्याएवढंच. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पट्टीच्या कडा आणि स्क्रूंची डोकी पुसा. शिक्क्यांचे स्वच्छ फोटो काढून परवान्याच्या झेरॉक्सबरोबर फाइलला लावा. विक्रेता किंवा जाणकार माहिती विचारेल तेव्हा दर वेळी रायफल घेऊन फिरावं लागणार नाही.