डीसीएफ७७ रिसीव्हर जोडताना आधी दिवा बघा

डीसीएफ७७ म्हणजे जर्मनीतून रेडिओवर येणारा वेळेचा सिग्नल. त्याचा रिसीव्हर जोडला, तरी संगणकाची वेळ जुळत नाही? बहुतेकदा दोष सेटिंगचा नसतो, जागेचा असतो.

१. रिसीव्हर मॉनिटर आणि चार्जरपासून एक-दोन मीटर लांब, खिडकीशी ठेवा.

२. आतल्या फेराइटच्या कांडीचं (हाच अँटेना) टोक फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन केंद्राकडे, म्हणजे सिग्नल जिथून येतो तिकडे, नको. कांडी त्या दिशेला काटकोनात आडवी हवी.

३. आता रिसीव्हरचा दिवा बघा. सेकंदाला एकदा लुकलुकला पाहिजे आणि मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला गप्प. अडखळत असेल तर कांडी थोडी थोडी फिरवत राहा, घाई नको. ताल सलग पाच मिनिटं टिकला की मगच एनटीपी (संगणकाचं घड्याळ जुळवणारी सेवा) सुरू करा. रात्री सिग्नल जास्त स्वच्छ मिळतो.

एक जपा: सिग्नलमध्ये जर्मनीची स्थानिक वेळ येते. ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून घेतली, तर उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे जाईल.