नागपूरचा उन्हाळा मोजायचा असेल तर अर्ज पावसाळ्यात करा: पथदर्शी अभ्यासासाठी निधी उभारताना

टिनाच्या छपराखाली राहणारी कुटुंबं, पहाटे ठिय्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर, भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या आसपास कचरा वेचणाऱ्या बाया. नागपूरच्या उन्हाचा मार यांना सगळ्यांत आधी बसतो. मे २०१३मध्ये शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, पण ती नोंद वेधशाळेच्या मोकळ्या आवारातली होती. टिनाच्या खोलीत रात्री दोनला किती उकडतं, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते मोजायला छोटा पायलट अभ्यास, म्हणजे मोठ्या अभ्यासाआधीची चाचणी, लागतो आणि त्याला तीन-चार लाख रुपये पुरतात. पैसे मिळण्यापेक्षा ते वेळेवर मिळणं अवघड असतं.

म्हणून आधी कॅलेंडर. मोजमाप १ एप्रिल ते १५ जून करायचं असेल तर तिथून उलटं मोजत या. १५ मार्चपासून घरांची नोंदणी, फेब्रुवारीत उपकरणांची तपासणी आणि कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, जानेवारीअखेर खरेदी, सप्टेंबर-ऑक्टोबरात निधीचा अर्ज. माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे प्रस्तावही त्याच सुमारास जायला हवा. वस्ती आणि प्रश्न ऑगस्टमध्येच ठरलेले बरे. सगळ्यांत जास्त अभ्यास बुडतात ते ३१ मार्चपायी. मंजुरीचं पत्र डिसेंबरात हाती पडतं, पण पैसे नव्या आर्थिक वर्षात, मे महिन्यात खात्यात येतात आणि तोवर नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, दारात असतो. एप्रिलची नोंदच नसेल तर मेमधल्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? त्यामुळे पहिला हप्ता ३१ जानेवारीपूर्वी लागेल, हे अर्जात कारणासह लिहा आणि संस्थेकडून आगाऊ रक्कम मिळेल का, हेही आधीच विचारून ठेवा. फेब्रुवारीअखेर पैसे आले नाहीत तर घाईने अर्धवट सुरू करू नका. वाढीव खर्च न मागता मुदत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाढवून मागा. कारण पटण्यासारखं असल्याने देणारा सहसा ऐकून घेतो.

पायलटने काय सिद्ध करायचं? उन्हामुळे रक्तदाब किती बदलतो, याचं उत्तर ६० घरांतून मिळत नाही. तसं वचन अर्जात दिलं की जाणकार परीक्षक तिथेच थांबतो. पायलटचे प्रश्न वेगळे असतात. किती घरं तयार होतात? किती शेवटपर्यंत टिकतात? लॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारं छोटं उपकरण, ४५ अंशांच्या वर नीट चालतो का? संध्याकाळी सातनंतरची भेट बायांना जमते का? ६० हा आकडाही हवेतून येत नाही. एखादी अडचण शंभरातल्या पाच घरांत येणारी असेल, तर ती निदान एकदा दिसण्याची शक्यता ९५ टक्के व्हायला ५९ घरं लागतात. दुसरीकडे, ६० पैकी ४८ घरं टिकली तर टिकण्याचं प्रमाण ८० टक्के, पण त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा ६८ ते ८८, म्हणजे खरं प्रमाण या दरम्यान कुठेही असू शकतं. हे आकडे अर्जात मांडा. पुढे जायचं की नाही याची रेषाही आधीच आखा: ७५ टक्क्यांहून जास्त घरं टिकली तर मोठा अभ्यास, ६० ते ७५ असतील तर पद्धत बदलून, त्याखाली थांबायचं. पायलटमध्ये दिसलेल्या परिणामाच्या आकारावरून मोठ्या अभ्यासाचा नमुना मात्र काढू नका. इतक्या कमी घरांत तो आकार फार डळमळता असतो.

अंदाजपत्रक भेटींवरून बांधा. ६० घरं, प्रत्येकी ५ भेटी, म्हणजे ३०० भेटी. भर उन्हाळ्यात भेटी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतरच होतात, त्यामुळे एका कार्यकर्तीच्या दिवसाला पाचच भेटी धरा: ६० दिवस. दार बंद मिळालं म्हणून परत जावं लागतं, त्याचे २० टक्के वाढवून ७२ दिवस. पुढचे दर उदाहरणादाखल आहेत, त्या जागी आपल्याला मिळालेली कोटेशनं घाला:

कार्यकर्ती, ७२ दिवस × ७०० = ५०,४००
त्यांचा प्रवास आणि फोन, ७२ × १५० = १०,८००
प्रशिक्षण, दोघी × ४ दिवस × ७०० = ५,६००
सहभागी घरांना वेळेचा मोबदला, ३०० × १५० = ४५,०००
तापमान-आर्द्रता लॉगर, ६० आणि ६ जादा, ६६ × १,८०० = १,१८,८००
उष्णताताण मोजणारं उपकरण आणि त्याचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) = ६०,०००
ओआरएस, प्रथमोपचार, दवाखान्यात नेण्याचा खर्च = २५,०००
संमतीपत्रांचं भाषांतर आणि छपाई = १२,०००
संख्याशास्त्रज्ञ, १० दिवस × ३,००० = ३०,०००
वस्तीतल्या ४ बैठका × ४,००० = १६,०००

बेरीज ३,७३,६००. त्यावर ५ टक्के अनपेक्षित खर्च धरला की ३,९२,२८०. संस्थेचा वरखर्च (कार्यालय, हिशेब वगैरे) वेगळा. तो किती टक्के चालतो, हे प्रत्येक निधीदात्याच्या नियमांत पाहा.

कात्री लागते तेव्हा पहिला बळी मोबदल्याच्या ओळीचा जातो. ती वाचवा. रोजंदारीवरच्या बाईचा अर्धा तास फुकट घ्यायचा आणि उपकरणावर लाख रुपये घालायचे, हे योग्य नाही. रक्कम लालूच वाटेल इतकी मोठी नको, आणि ती नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या. अभ्यासामुळे कुणाला इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, त्यासाठीची तरतूदही अंदाजपत्रकात स्पष्ट दिसू द्या.

पैसे कुणाकडे मागायचे? वैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या टीमसाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आणि स्वतःच्या विद्यापीठाच्या संशोधन योजना हे पहिले दरवाजे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला आयसीएमआरच्या अल्पकालीन विद्यार्थीवृत्तीतून एखादा छोटा भाग करता येतो. स्वयंसेवी संस्थेसाठी सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, जवळचा, पण त्यासाठी प्राप्तिकराच्या १२ए आणि ८०जी नोंदणीसोबत कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आधीच हवी. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, प्रतिबंधक आरोग्यसेवा बसते, तर संशोधनाला अटी आहेत. म्हणून प्रकल्पाचा गाभा छपरं थंड करण्याचा किंवा पाणी आणि सावलीचा ठेवा आणि मोजमाप त्याचा भाग म्हणून दाखवा. मात्र ते खरोखर तसं असेल तरच. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. खाणीच्या धुळीचा अभ्यास असेल तर खाण कंपनीचे पैसे घेऊ नयेत, निष्कर्ष कितीही खरे असले तरी वस्तीचा विश्वास बसणार नाही. उन्हाच्या अभ्यासासाठी घेतले तर निष्कर्ष प्रसिद्ध करायला कंपनीची परवानगी लागणार नाही, हे करारात लिहून घ्या.

परदेशी विद्यापीठाचे पायलट अनुदान मिळत असेल तर दोन गोष्टी. आरोग्य संशोधनातल्या परदेशी सहकार्याला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, तिचा वेळ कॅलेंडरमध्ये धरा. आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) याखाली आलेले पैसे एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळते करता येत नाहीत. ‘मोठी संस्था घेईल आणि वस्तीतल्या मंडळाला देईल’ ही रचना अर्जातच मोडते.

नैतिकता समितीपुढे असे अभ्यास सहसा पूर्ण बैठकीतच जातात, घाईच्या छाननीत नाहीत. म्हणून बैठकांच्या तारखा आधी विचारा. संस्थेची समिती नसेल तर नोंदणीकृत समिती असलेल्या दुसऱ्या संस्थेशी करार करा. संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत हवं. छत्तीसगडी बोलणारी कुटुंबं असतील तर तोंडी समजावणारी त्यांच्यातलीच बाई शोधा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर असावा. ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी, १२ ते १८ मधल्यांची लेखी सहमती, आणि दोन्हींत पालकांची संमती.

वस्तीतली सगळ्यांत मोठी भीती अतिक्रमणाची. घराघरांत वही घेऊन फिरणारं माणूस म्हणजे पाडायला येणाऱ्यांचा सर्व्हे, असंच वाटतं. पट्ट्याबद्दल, म्हणजे जागेच्या हक्काच्या कागदाबद्दल, विचारू नका, घराचं जीपीएस स्थान नोंदवू नका, आणि आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेसोबत पहिली बैठक पैसे येण्याआधीच घ्या. त्या बैठकीचा वृत्तान्त अर्जाला जोडला की अर्जाचं वजन वाढतं.

उपकरणांची चूक अर्जातच रोखता येते. सगळे ६६ लॉगर एका बंद पेटीत २४ तास ठेवा. मध्यकापासून, म्हणजे सगळ्यांच्या मधल्या नोंदीपासून, अर्ध्या अंशाहून जास्त सरकणारे बाजूला काढा. हंगाम संपल्यावर पुन्हा तेच करा. घरात लॉगर आतल्या भिंतीवर, दीड मीटर उंचीवर, चुलीपासून आणि कूलरच्या झोतापासून दूर टांगा. पत्र्याला टेकला तर तो खोलीची हवा नाही, पत्रा मोजतो. कूलरची घरं वेगळी नोंदवा: तिथे तापमान उतरतं पण आर्द्रता चढते, आणि नुसता थर्मामीटर बघितला तर घर फसवं सुखकर दिसतं. मे महिन्यात शाळा बंद आणि लग्नसराई, त्यामुळे कुटुंबं गावाला जातात. नोंदणीच्या वेळीच ‘गावाला कधी?’ हे विचारून ती तारीख लिहा. हे ठाऊक असलं की ती गळती ठरत नाही.

उपयोगिता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यासाठी, प्रत्येक मोबदल्याची सही किंवा अंगठ्याची पावती त्याच दिवशी फाइलला लावा. जूनमध्ये ३०० पावत्या शोधणं अशक्य होतं. लॉगर अभ्यासानंतर कुणाचे, हे मंजुरीपत्रात लिहून घ्या. जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर, प्रत्येक घराला त्याच्याच खोलीचा एक पानी तक्ता द्या: सगळ्यांत तापलेली रात्र कोणती, किती वाजता, आणि शेजारच्या चुना मारलेल्या छपराखाली त्याच वेळी किती होतं.